एकाची शेपटी

आमच्या घरातल्या तारखा माझ्या ताब्यात असतात. गॅस कधी लावला, नातीची फी कधी भरायची, कोणाची तेरवी, कोणाचं बारसं, सगळं मी एका पुठ्ठ्यावर लिहून ठेवते. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा असतो तो. वर भोक पाडून सुतळी ओवायची आणि स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूच्या खिळ्याला टांगायचा. एक भरला की दुसरा. घरात कोणी तारीख विचारली की उत्तर ठरलेलं, "आईचा पुठ्ठा पाहा." मला याचा फार गर्व होता. होता, असंच लिहावं लागते आता.

आणि गर्व काहून नसावा? मी शाळेत गेले ती जेमतेम दीड वर्ष. बाकीचं सगळं घरच्या मागाजवळ बसून शिकले. बाबा कोष्टी, लुगडी विणायचे. रंगाऱ्याकडून सुताच्या लड्या ओल्याच यायच्या आणि प्रत्येक लडीला आकड्याची चिठ्ठी बांधलेली. त्या चिठ्ठ्या हेच माझं पुस्तक. पुढं चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडंच आलं. ओल्या सुतावर शाई पसरायची, बारीक एक लिहिला तर नुसता डाग दिसायचा. बाबा म्हणायचे, "एकाचं डोकं मोठं कर, गोल, बंद. अन् शेपटी लांब वढ. रंग चढला तरी एक एकच दिसला पाह्यजे." तेव्हापासून माझा एक तसाच. मोठ्या डोक्याचा, लांब शेपटीचा. बाबा जाऊन किती वर्षं झाली, माग गेला, लुगडी नेसणाऱ्या गेल्या, पण हात काही बदलला नाही.

आता गाडीचं सांगते, नाही तर मी पुठ्ठ्यातच अडकून राहीन.

गाडी जुनी. आमच्याआधी दोन जणांनी वापरून टाकलेली. माझ्या मुलानं घेतली, नावावर त्याच्याच. पण घेताना कागदावर मोबाईल नंबर लिहिला तो त्याच्या वडिलांचा, कारण कागदपत्रांची हौस त्यांनाच. विम्याची मुदत संपत आली की कंपनीचा मेसेज यायचा, चालान फाटलं की पोलिसांचा यायचा, आणि आमचे हे चष्मा चढवून मोठ्यानं वाचायचे. "सिग्नल तोडला तुह्या लेकानं, घे!" मग दोघं बापलेक भांडायचे. दोन वर्षांमागं हे गेले. वर्षभर तो नंबर आम्ही चालू ठेवला. मग कोणी वापरत नाही म्हणून बंद करून टाकला. त्या नंबरवर अजून कोणी कोणी काय काय पाठवत असेल, हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

यंदा फेब्रुवारीत विमा काढून देणाऱ्या बाईचा फोन आला. तिनं आमचं काम एकदाच केलं होतं, पण बिचारीनं आठवण ठेवली. मुलगा आंघोळीला गेला होता, फोन मी घेतला. ती म्हणाली, "काकू, एक मार्चच्या रात्री बारापर्यंत आहे. त्याच्या आधी सांगा." मी फोन कानाला लावूनच पुठ्ठ्यावर लिहिलं, गाडीचा विमा, १ मार्च.

मग मी नागपूरहून उमरेडला गेले, बहिणीकडं. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, तिच्याजवळ कोणी नाही. निघताना चपला घालता घालता मुलाला म्हटलं, "विम्याची तारीख लिहून ठेवली हाये. पुठ्ठा पाह्यजो."

"हाव, पाहतो," तो म्हणाला. आणि त्यानं पाहिला. विश्वास ठेवा, त्यानं पाहिला.

चार तारखेला सकाळी तो मला घ्यायला उमरेडला निघाला. मीच म्हटलं होतं, बसनं येते. तो म्हणाला, "बसमंधी धक्के खात कायले येतं, मी येतो." मी पिशवी भरून बहिणीच्या दारात बसले. बहीण डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बाजूला. दहा वाजले, अकरा वाजले. बहीण म्हणाली, "तुहा लेक चहाले थांबला असंन कुठी." तेवढ्यात सुनेचा फोन. ती रडत नव्हती, त्यानंच मी जास्त घाबरले. "आई, कळमन्याजवळ गाडीखाली माणूस आला. हे ठीक हायेत. तो माणूस जिवंत हाये. तुम्ही बसनंच या."

मी पोलीस ठाण्यात पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. मुलगा बाकावर बसलेला, शर्टाला रक्त, पण त्याचं नाही. सायकलवर जाणारा माणूस होता, कळमन्याच्या बाजारात पोती उचलणारा हमाल. कामावर चालला होता. वळणावर उन्हाची तिरीप डोळ्यावर आली, मुलानं ब्रेक लावला तोवर सायकल खाली आणि त्या माणसाचा डावा पाय चाकाखाली. मुलानंच त्याला उचलून ऑटोत घातलं, सरकारी दवाखान्यात नेलं, आणि मग आपल्या पायानं ठाण्यात आला.

टेबलामागं बसलेल्या हवालदारानं गाडीचा नंबर मोबाईलमध्ये टाकला आणि वाचायला लागला. "बेल्ट नाही. सिग्नल. नो पार्किंग. परत सिग्नल. इतके चालान पेंडिंग? मेसेज येत नाहीत का?"

 मी पुढं झाले. "साहेब, तो नंबर माह्या मालकाचा. ते दोन वर्षांमागं वारले. नंबर बंद आहे."

हवालदारानं माझ्याकडं पाहिलं. "म्हणजे सरकार दोन वर्षांपासून मेलेल्या माणसाले दंड करून राहिलं." तो हसला नाही. पुन्हा मोबाईलकडं वळला. "अन् विमा? विमा एक तारखेले संपला. आज चार."

मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मी मुलाकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं न पाहता सांगितलं, "विसरलो, साहेब."

विसरलो! मला त्या खोलीत सगळ्यांसमोर त्याला मारावंसं वाटलं. पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं, निघताना सांगितलं होतं, आणि हा म्हणतो विसरलो. सून भिंतीला टेकून उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

मी हवालदाराला म्हटलं, "दंड काय असंन तो भरतो साहेब. आत्ता भरतो. पण पोराले सोडा."

"मावशी, बिनविम्याच्या गाडीचा दंड तं आजच्या आज भरून होते. तो दंड सरकारचा. जामीन बी होऊन जाईन. पण तिकडं दवाखान्यात पडला हाये त्याचं काय? त्याची भरपाई कोर्ट ठरवंन, अन् ते तुमच्या घरातून जाईन."

"काहून? विमा कंपनी?"

"कंपनी कायले देईन? तीन दिवसांपासून तुमचा तिच्याशी संबंधच नाही."

माझ्या डोक्यात विमा म्हणजे आपल्या गाडीला ओरखडा आला तर आपल्याला मिळणारे पैसे. लोक म्हणायचे, थर्ड पार्टी काढा, स्वस्त पडते. मला वाटायचं थर्ड म्हणजे थर्ड क्लास, गरिबाचा विमा, आगगाडीच्या डब्यासारखा. आमचे हे हसायचे पण समजावून कधी सांगितलं नाही, त्यांनाही पक्कं माहीत नसेल. हवालदारानं तीन बोटं वर केली. "एक तुम्ही. दोन कंपनी. अन् तिसरा तो, जो रस्त्यानं चालला हाये, ज्याले तुमचं नाव बी माहीत नाही. कायदा म्हणते, बाकी काही काढा का नका काढू, या तिसऱ्याचा विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणाची नाही."

म्हणजे तो विमा आमचा नव्हताच. तो त्या हमालाचा होता. आणि तो आम्ही संपू दिला होता.

गाडी ठाण्याच्या अंगणात राहिली. कोर्टाची हमी भरल्याशिवाय ती सुटणार नव्हती, आणि आम्हाला ती नकोच होती. संध्याकाळी मी आणि सून दवाखान्यात गेलो. तो माणूस गुंगीत होता, पाय वर बांधलेला. त्याची बायको खाली चटईवर बसली होती, माझ्याच वयाची, किंवा कष्टानं तशी दिसणारी. मी नेलेला डबा तिच्यापुढं ठेवला. तिनं तो हातानं नाही, पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारला.  आम्ही उभ्या राहिलो, मग निघालो. डबा तिथंच राहिला.

चार दिवसांनी शेजारीण कानाशी लागली. "जुन्या तारखेचा विमा काढून देतात म्हणं कोणी कोणी. पाहा ना जरा." मी खोटं बोलणार नाही, मी गेले. ज्या बाईचा फोन आला होता, तिच्याच काउंटरवर गेले. सगळं सांगितलं आणि हात जोडले. "बाई, एक तारीख टाका. नुसती तारीख."

तिनं मला पाणी दिलं. मग स्क्रीन माझ्याकडं वळवली. "काकू, पॉलिसीवर तारीखच नाही, तास अन् मिनिट छापून येते. मी टाकत नाही, मशीन टाकते. अन् जमत असतं तरी मी केलं नसतं." मग हळूच म्हणाली, "मी तुमाले एक मार्च सांगितलं होतं ना? तुम्ही लिहून घेतल्यासारखं वाटलं मले."

"लिहिलं होतं वं," मी म्हटलं. "पोरगाच विसरला."

घरी येताना सीताबर्डीत मेट्रोतून उतरले आणि कुठं जायचं तेच काही वेळ सुचेना. ज्या कापडाच्या दुकानात मुलगा उभा राहून साड्या उलगडतो त्याच्यासमोरून गेले. तो आत होता, एका बाईला पदर दाखवत होता, हसत होता. गिऱ्हाईकापुढं हसावंच लागते. मी आत गेले नाही.

घरी कोणी नव्हतं. कोर्टाची पुढची तारीख लिहून ठेवावी म्हणून मी पुठ्ठा खिळ्यावरून काढला आणि खिडकीजवळ नेला. माझी ओळ तिथं होती, गाडीचा विमा, १ मार्च. आणि त्याच्या खाली पुठ्ठा जरा खरवडलेला. कोणीतरी ओलं बोट घासून काहीतरी पुसलं होतं. पुठ्ठा उजेडात तिरपा धरला. पेन्सिलीची खूण गेली नव्हती, पेन्सिल दाबून लिहिणं ही मुलाची लहानपणापासूनची खोड. इंग्रजी आकड्यात होतं, 8 ला भरू.

आठला? एकला संपणारी गोष्ट आठला कशी भरतो हा?

मी परत वरची ओळ पाहिली. माझा एक पाहिला. मोठं गोल डोकं, बंद. लांब शेपटी. आणि मग मला तो जसा माझ्या मुलाला दिसला तसा दिसला.

नऊ. इंग्रजी नऊ.

मी तिथंच खाली बसले. मोबाईलवर मी रोज नऊ दाबते. तिथं तो मला नऊच दिसतो, पुठ्ठ्यावर एकच दिसतो, दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. इतकी वर्षं घरात कोणी फसलं नाही, कारण बारा, पंधरा, अठरा यात फसायला जागाच नाही. ब्याण्णव तारीख नसते. एकटा एक मी क्वचित लिहिला असेल. मुलगा इंग्रजी आकड्यांतच वाढलेला, त्याचा सगळा दिवस बारकोड आणि बिलात जातो. त्यानं नऊ वाचलं, एक दिवस हाताशी ठेवून आठ ठरवलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. आणि ठाण्यात त्याला कळलं असेल, हवालदारानं 'एक तारीख' म्हटलं त्या क्षणी. मी समोर उभी होते. त्यानं म्हटलं, विसरलो. मग घरी येऊन, मी दवाखान्यात असताना, बोट ओलं करून पेन्सिल पुसली.

तो आला तेव्हा मी तशीच बसलेली होते, पुठ्ठा मांडीवर.

"काहून सांगितलं नाहीस?"

त्यानं पुठ्ठ्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं. बूट काढत म्हणाला, "पोलिसाले काय सांगू मी? माही माय एकाले नऊ लिहिते म्हणून?"

"हाव! सांगाचं!"

"मंग त्यानं काय केलं असतं? तुले आत घातलं असतं काय? गाडी मी चालवत होतो, माय. कागद पाहाचं काम माह्यं होतं. फोनमंधी पाहिलं असतं तरी दिसलं असतं."

सून दारात उभी राहून ऐकत होती. चार दिवस ती त्याच्याशी धड बोलली नव्हती, त्याच्या ताटात भाकर टाकायची ती आपटून. ती आत आली, पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, पाहिला. "मी बी नऊच वाचलं होतं, आई," ती म्हणाली. "पण ठाण्यात हे विसरलो म्हणाले, तं मले वाटलं यायले एक तारीख माहीत होती." आणि मग ती रडली, पहिल्यांदा.

मला बरं वाटायला हवं होतं, की पोरगा हलगर्जी निघाला नाही. पण बरं वाटलं नाही. मला वाटत होतं हे कोणाला तरी सांगितलं पाहिजे, कुठं तरी लिहून घेतलं पाहिजे, की दोष त्याचा नाही, आकडा माझा आहे. दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा पिशवीत घालून ठाण्यात गेले. हवालदारानं तो हातात घेतला, उलटा सुलटा केला. "मावशी, याचं मी काय करू? जबाबाच्या कागदात असा रकानाच नाही."

"तुम्ही लिहा तं खरं."

"लिहून काय होईन? विमा होता का नव्हता, येवढंच विचारतात. काहून नव्हता, ते कोणी विचारत नाही." त्यानं पुठ्ठा परत दिला. जामिनासाठी केलेल्या वकिलानंही तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन.

मग एकच जागा उरली. मी दवाखान्यात गेले, एकटी.

तो माणूस जागा होता. त्याची बायको त्याला चमच्यानं खिचडी भरवत होती. माझा डबा खाटेखाली होता, धुऊन उपडा ठेवलेला. मी तिच्या बाजूला चटईवर बसले, विचारलं नाही. पिशवीतून पुठ्ठा काढला, ओळीवर बोट ठेवलं. "बाई, येवढं वाचता?"

तिनं चमचा ठेवला. पुठ्ठा लांब धरला, डोळे बारीक केले. मला वाटलं हिला वाचता येत नसेल. तिनं ओठ हलवत वाचलं, "गाडीचा विमा. एक मार्च."

"काय? किती?"

"एक," ती म्हणाली. "एकच तं हाये. माहा भाऊ असाच काढे."

सगळ्या नागपुरात माझा एक ज्याला एक दिसला असं माणूस मला तिथं सापडलं, आणि ते हे असं. मी तिला सगळं सांगितलं. लड्या, चिठ्ठ्या, शेपटी, नऊ, आठ.  मी थांबले तेव्हा ती नवऱ्याच्या पायाकडं पाहत होती.

"मंग आता या पायाले काय सांगू मी?" ती म्हणाली. "एक होता का नऊ होता? हा पाय पोतं उचले, बाई. क्विंटलाचं पोतं."

"माफी मागाले आली मी."

"मागा. मागाले कोण ना म्हणते?" तिनं पुठ्ठा सोडला नव्हता. खाटेवरचा माणूस हळूच म्हणाला, "जाऊ दे ना वं." ती त्याच्यावर खेकसली, "तुम्ही गप राहा जी. तुम्ही आधीच खाली आले."

मग तिनं उशीखालून दवाखान्याचा कागद काढला आणि पुठ्ठ्यासकट माझ्यापुढं टाकला. "लिहिता ना तुम्ही तारखा? मंग ह्या लिहा. प्लास्टर कापाचं. पायाचा फोटो काढाचा. हाडाच्या डाक्टरची. माह्या ध्यानात राहत नाहीत अन् आमाले न्यायले कोणी नाही. तुम्ही यायचं, ऑटो घेऊन. दरवेळी."

मी पेन काढला. कागद इंग्रजीत होता, पण आकडे मला येतात. आणि मी एकही आकडा लिहिला नाही. अक्षरात लिहिलं. बारा एप्रिल, प्लास्टर. अठरा एप्रिल, फोटो. बारा तर तीनदा गिरवला. तिनं वाचून पाहिलं, मान हलवली.

मी पुठ्ठा पिशवीत घालायला लागले तर तिनं धरला. "हा इथंच राहू द्या," ती म्हणाली. "तुमच्या घरी हा वाचणारं कोणी नाही."

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात खिळा मोकळा आहे. मुलगा म्हणतो, नवा टांग ना. मला होत नाही. सून सगळं मोबाईलमध्ये टाकते, तो घंटी वाजवतो. मुलाचा नंबर सगळ्या कागदांवर चढवून घेतला, जुने चालान एकेक करून भरले, रांगेत मीच उभी राहिले. भरपाईचा दावा अजून उभा राहायचा आहे, वकील म्हणतो वर्षं लागतील. मुलगा दुकानातून आल्यावर एका जागी बसून राहतो, टीव्ही लावलेला असतो पण तो पाहत नाही.

आज अकरा एप्रिल. ऑटोवाल्याला सांगून आले, उद्या सकाळी आठ वाजता. डाक्टर म्हणाला होता, प्लास्टर काढून त्याला उभा करून पाहू, पाय भार घेतो का. पुठ्ठा तिच्याकडं असला तरी ही तारीख मला पाठ आहे. सकाळपासून चौथ्यांदा मी सुनेला विचारलं, "उद्या बारा ना वं?"

"बाराच हाये, आई," ती म्हणाली. "अक्षरात सांगू का?"